रोजचा धूर

शालूबाईच्या गोठ्यावर मशीन चढवताना शिडी एकदा हलली, तेव्हा समोरच्या गच्चीवर उभ्या असलेल्या नृसिंह हुपरीकर मास्तरांनी कठडा घट्ट धरला. मशीन पडावं असं काही त्यांना वाटलं नव्हतं. पण ते सुखरूप वर पोचलं, तरी त्यांचा हात कठड्यावरून लगेच निघाला नाही.

लहानशा देवळासारखं दिसणारं ते पत्र्याचं यंत्र होतं. वर उतरतं छप्पर, आत मोटर. प्रदूषण मंडळाची दोन माणसं ते गोठ्याच्या स्लॅबवर सरळ करत होती आणि शालूबाई खालून पदर खोचून ओरडत होती,

"आरं, दमानं की! खाली म्हस बुजंल."

जमलेले लोक हसले. मंडळाचे साहेबही हसले.

यंत्र आपल्याकडे बसेल या आशेनं मास्तरांनी सकाळी उठून आपली गच्ची झाडली होती. पश्चिमेचा कोपरा पाण्यानं धुऊन काढला होता, जिन्यातून विजेची वायर वर ओढून ठेवली होती. रंकाळ्याकडचा वारा सुटला की फाउंड्रीचा धूर पहिल्यांदा याच कोपऱ्यात उतरतो, हे साहेबांना कसं सांगायचं ते वाक्यसुद्धा मनाशी जुळवून ठेवलं होतं. साहेब जीपमधून उतरले आणि थेट शालूबाईच्या दारात गेले. तिनं स्टीलच्या पेल्यातून त्यांना पाणी दिलं. गच्चीवरच्या माणसाकडे कोणी मान वर करून पाहिलंही नाही.

ती फाउंड्री बाळासोची. उद्यमनगराच्या कडेला, गल्लीच्या पश्चिम टोकाला होती. तिथं ऑइल इंजिनाचे सुटे भाग ओतले जात. लोखंड वितळवायच्या भट्टीचं धुराडं इतकं बुटकं होतं, की भट्टी पेटली की धूर वर जायच्या ऐवजी गल्लीत आडवा व्हायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर, उन्हातल्या सांडग्यांवर, देवघरातल्या फोटोंवर काजळी बसायची. मास्तरांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंना दमा होता. भट्टीच्या दिवशी त्या भिंतीला उशा लावून बसल्या बसल्याच झोपत.

मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवत. निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी या धुराविरुद्ध एकट्यानं अर्ज केले होते. या कचेरीतून त्या कचेरीत ते सायकलवरून जात. गंधकाचा वायू म्हणजे काय, बारीक कण फुफ्फुसात कुठवर जातात, हे ते गल्लीच्या तोंडाशी उभं राहून लोकांना समजावून सांगत. लोक त्यांना मान देत, सगळं ऐकून घेत आणि मास्तर वळले की पत्त्यांचा डाव पुन्हा मांडत. बाळासो तर त्यांचाच जुना विद्यार्थी. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा.

"सर, तुमच्या अर्जाचं कळलं. बघतो की," म्हणायचा.

बघत मात्र कधी नसे.

मग हवेचा नवा कायदा आला. हवेत धूळ किती असावी याची मर्यादा ठरली आणि कोल्हापुरात मंडळाचे नवे साहेब रुजू झाले. मास्तरांनी पुण्याहून कायद्याची प्रत मागवली, कलमांना पेन्सिलीनं खुणा केल्या, साहेबांची भेटीची वेळ मागितली. ती वेळ मिळायच्या आधीच साहेब कसल्याशा उद्घाटनाला उद्यमनगरात आले आणि शालूबाईनं भर रस्त्यात त्यांची जीप अडवली. तिच्या हातात सकाळच्या धारेची चरवी होती. दुधावर काजळीचे ठिपके तरंगत होते. पेला भरून तिनं तो साहेबांच्या पुढ्यात धरला.

"प्या की, सायेब. आमची पोरं रोज पित्यात."

साहेबांनी पेला हातात घेतला, आत पाहिलं आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्याच आठवड्यात मंडळाची जीप पहिल्यांदा गल्लीत शिरली.

तो फोटो पाहून प्रमोदिनीबाई कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं हसल्या होत्या.

"कशी उभी आहे बघा हो! जीप नव्हे, चुकार म्हैसच अडवलीय जशी."

"दुधावरची काजळी हा पुरावा होत नाही," मास्तर म्हणाले. "ती चुलीचीसुद्धा असू शकते."

"पण साहेब आले ना?"

"येणारच होते. माझा अर्ज होता त्यांच्याकडे."

"हो, तेही आहेच," असं म्हणून प्रमोदिनीबाईंनी पेपराची घडी केली. फोटो वर राहील अशी.

ते 'तेही' मास्तरांना दिवसभर टोचत राहिलं. संध्याकाळी फिरायला निघाले तर वाटेत तिघांनी शालूबाईचाच विषय काढला. चौथा समोरून येताना दिसला तेव्हा त्यांनी रस्ता ओलांडला.

यंत्राची मोटर सुरू झाली तसे मास्तर खाली उतरले. गोठ्यासमोर बायका जमल्या होत्या आणि शालूबाई त्यांना समजावत होती.

"ह्ये हवा वडतंय बगा. धुरातला अ‍ॅटम आतल्या कागदाला चिकटतोय. मंग कागदाचं वजन करत्यात."

"अ‍ॅटम म्हंजी? बाँबातला?" चिमणाबाईनं विचारलं.

"त्योच की."

"अ‍ॅटम नव्हे," मास्तर मागून म्हणाले. "धूलिकण. हवेत तरंगणारे."

शालूबाईनं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. "आलं बगा मास्तर! ह्यास्नी समदं ठावं हाय," ती म्हणाली आणि लगेच साहेबांच्या माणसाला चहा पाहिजे का ते विचारायला गेली. बायकाही तिच्यामागून गेल्या. बाँबातला अ‍ॅटम आपल्या गल्लीत कसा आला, याची चर्चा करतच.

यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालणार होतं. बाळासोला ते आदल्या दिवशीच कळलं होतं. गल्लीनं त्या दिवशी जो धूर पाहिला तो नेहमीचा नव्हताच. भट्टी पेटली खरी, पण निम्मीच भरली होती, आणि एरवी त्यात जाणारं भंगार, तेलकट चिंध्या, हलका कोळसा यांतलं काही आत गेलं नव्हतं. धुराड्यातून पांढुरका, पातळ धूर आला आणि नारळाच्या शेंड्यापर्यंत जाऊन विरला. मास्तरांनी गच्चीवरून तो पाहिला. त्यांना सगळं समजलं. साहेबांना सांगायला हवं, असंही त्यांच्या मनात आलं. पण खाली शालूबाईचा आवाज चढलेला होता. तिलाही ते समजलं होतं आणि ती ते सगळ्यांना सांगत सुटली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी यंत्रातला कागद चिमट्यानं काढून पाकिटात घातला. गल्ली गोळा झाली होती. बाळासो हाताची घडी घालून कडेला उभा होता. प्रमोदिनीबाईही दाराशी येऊन उंबऱ्यावर थांबल्या होत्या.

"कागद फारसा काळा नाही," साहेब म्हणाले. "वजन केल्यावर कळेल, पण मर्यादेच्या आतच असेल असं दिसतंय."

"असंल की!" शालूबाई पुढं झाली. "कालच्याला तेनं भट्टी न्हाई, उदबत्ती लावलीया. रोज काळा डोंब असतोय हितं. डोळं उगडवत न्हाईत."

"काय तरी बोलू नका, मावशी," बाळासो शांतपणे म्हणाला. "काल होता त्योच रोजचा धूर."

साहेब वैतागले नाहीत. तरुण होते, पण समजूतदार होते. "हे बघा, काल होता तसाच धूर रोज असेल, तर हे माप धरता येईल. तसं नसेल, तर आधी न कळवता मला पुन्हा यावं लागेल. पण कुणा एकाच्या म्हणण्यावर मी ते कसं ठरवू? तुमचं त्यांच्याशी भांडण आहे. त्यांचं तुमच्याशी."

"मग मास्तरास्नी इचारा," शालूबाई म्हणाली. "मास्तर खोटं बोलायचं न्हाईत. समदी गल्ली सांगंल. बाळासो, तू सांग, तुझं मास्तर खोटं बोलतील का?"

बाळासोनं खाली पाहिलं. "न्हाई," तो म्हणाला.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. साहेबही दोन पावलं पुढे आले. कोटाच्या खिशातली कायद्याची प्रत मास्तरांनी चाचपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. धुराड्याची उंची, वाऱ्याची दिशा, भट्टीत काय जळतं आणि केव्हा, सगळं त्यांच्याजवळ तयार होतं. कुठून सुरुवात करावी याचा विचार करत त्यांनी घसा साफ केला.

"लई न्हाई बोलायचं, मास्तर," शालूबाई घाईनं म्हणाली. "सायेबास्नी येळ न्हाई. मी सांगितलंया समदं. तुमी नुसतं व्हय म्हना."

मागं कोणीतरी हसलं. कदाचित त्यांना हसलंही नसेल.

"मास्तर, काल होता तसाच धूर रोज असतो का?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी खिशातला हात बाहेर काढला. शालूबाई त्यांच्याकडे बघून मान हलवत होती, वर्गात अडखळलेल्या पोराला उत्तर सुचवावं तशी.

"असतो," ते म्हणाले. "असाच असतो."

शालूबाईचं तोंड उघडं राहिलं. बाळासोनं हाताची घडी सोडली आणि चमकून आपल्या जुन्या मास्तरांकडे पाहिलं. साहेबांनी पाकीट बॅगेत ठेवलं, "ठीक आहे," म्हणाले आणि जीपकडे चालू लागले. मास्तरांनी उंबऱ्याकडे नजर टाकली. प्रमोदिनीबाई आत वळल्या होत्या. त्यांची पाठ तेवढी दिसली.

जेवताना मास्तर आपण होऊन म्हणाले, "सरकारी कामात शिस्त लागते. बायकांच्या कालव्यानं काही होत नसतं."

"मी काही विचारलं नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांना ताक वाढलं.

निकाल यायला फार दिवस लागले नाहीत. हवा मर्यादेच्या आत होती. धुराडं वाढवायचं कारण उरलं नाही. यंत्र दुसऱ्या गावी गेलं आणि बाळासोची भट्टी पुन्हा पूर्वीसारखी पेटू लागली. उलट थोडी जास्तच, कारण अडलेलं काम साचलं होतं. शालूबाई मास्तरांशी भांडली नाही. दूध घालायला आली की प्रमोदिनीबाईंशी दोन शब्द बोले आणि मास्तरांकडे न बघता निघून जाई. मास्तर गच्चीवर जायचे बंद झाले. वर गेलं की धूर दिसे.

चैत्रातल्या एका दुपारी भट्टी पेटली तेव्हा वारा पडलेला होता. धूर गल्लीत उतरला आणि तिथंच बसून राहिला. मास्तरांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, फटींत ओली फडकी कोंबली. तरी प्रमोदिनीबाईंना लागायची ती धाप लागली, आणि या वेळी ती थांबेना. त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून त्या पुढं वाकल्या. त्यांना श्वास आत घेता येईना, मग बोलता कुठलं येणार? मास्तर दार उघडून बाहेर धावले आणि त्यांच्या तोंडून पहिली हाक निघाली ती,

"शालूबाई!"

ती म्हशीला पाणी दाखवत होती. बादली तिथंच टाकून ती आली, आत डोकावली आणि तशीच अनवाणी हमरस्त्याकडे पळाली. रिक्षा घेऊन आली. प्रमोदिनीबाईंना तिनं काखेत हात घालून उचलून रिक्षात बसवलं, आपण शेजारी बसली, त्यांची पाठ आपल्या छातीशी टेकवून धरली. "हळू, ताई, हळू. मी हाय न्हवं," एवढंच सारखं म्हणत राहिली. मास्तर समोर रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धे बाहेर लटकून बसले होते. दवाखाना येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

इंजेक्शन दिल्यावर तासाभरानं श्वास ताळ्यावर आला. डॉक्टर म्हणाले, "यांना धुरापासून लांब ठेवा."

"कुटं ठेवावं सांगा की, डॉक्टर," शालूबाई म्हणाली. "घर न्हाई का त्यांस्नी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई, चिमणाबाई आणि विठाबाई प्रमोदिनीबाईंना बघायला आल्या. प्रमोदिनीबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण डोळे स्वच्छ होते. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. बायका थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग शालूबाई अचानक मास्तरांकडे वळली. मास्तर खुर्चीत ताठ झाले.

"मास्तर, तुमच्यावर राग हुता माझा. खोटं कशाला बोलू? दोन रोज तर जेवान गेलं न्हाई मला. पर काल दवाखान्यात बसल्याबसल्या माझ्या ध्यानात आलं." तिनं आवाज खाली आणला. "बाळासोनं दम दिला आसंल तुमास्नी. व्हय न्हवं?"

मास्तर खिडकीकडे पाहू लागले.

"तेच्याकडं माणसं हाईत, पैसा हाय. तुमी दोगंच घरात, त्यात ताईंचं ह्ये आसं. माणूस भितंयच की. आमी बायकांनी तुमाला एकट्याला फुडं केलं, ती आमचीच चूक."

"बाळासो..." मास्तरांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "बाळासो तसा वाईट नाही."

"अजून भित्यात, बग," विठाबाई चिमणाबाईच्या कानाशी कुजबुजली. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

शालूबाईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत आता इतकी माया होती, की मास्तरांना तिच्याकडे बघवेना. "आता भ्यायचं न्हाई. मी पुना सायबाकडं जानार हाय. फुडच्या बारीला सायेब आलं की तुमीच बोलायचं, मास्तर. पाहिजे तेवढं बोला. आमी समद्या तुमच्या मागं हुब्या ऱ्हातो. मी त्वांड उगडत न्हाई, शपत घेती."

चिमणाबाईनं मान डोलावली. विठाबाईनंही. वर्षानुवर्षं झोपेत आणि जागेपणी मास्तरांनी जे कल्पिलं होतं, ते असं त्यांच्या पुढ्यात येऊन बसलं होतं. हात पुढं करायचा अवकाश होता. त्यांनी धोतराची चूण नीट केली.

"बघू," ते म्हणाले.

बायका उठल्या. "येतो, ताई. जपा," म्हणत बाहेर पडल्या. त्यांच्या चपलांचा आवाज पायरीवरून खाली गेला.

प्रमोदिनीबाईंनी विचारलं,

"कुणी दम दिला होता तुम्हाला?"

आवाजात राग नव्हता. भाजी संपली का, असं विचारावं तसं त्यांनी ते विचारलं होतं.

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग?"

मास्तरांनी तोंड उघडलं. उत्तर त्यांना माहीत होतं, अगदी स्पष्ट माहीत होतं, पण ते उच्चारता येईल असा एकही शब्द त्यांना सापडेना. प्रमोदिनीबाईंनी वाट पाहिली. मग त्यांनी पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले, भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"अगं, उठू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय..."

त्या थांबल्या नाहीत. चौकटीला धरून त्या पायरीवर गेल्या.

"शालूबाई," त्यांनी हाक मारली. "थांबा जरा."

बाहेरच्या चपला थांबल्या.

"पुढच्या वेळी साहेब आले की मी बोलणार आहे. रोजचा धूर कसा असतो, ते त्यांनी मला विचारावं, मी..."

पुढचे शब्द खोकल्यात बुडाले. मास्तर उठून दारापर्यंत आले, पण बाहेर पडले नाहीत. खोकला लवकर आवरेना. एरवी अशा वेळी चारजणी मध्येच बोलल्या असत्या, वाक्य पुरं करून टाकलं असतं. आता कोणी काही बोललं नाही. समोरून जाणारा सायकलवालाही उतरून उभा राहिला होता. शालूबाई एक पायरी वर चढली, प्रमोदिनीबाईंचं कोपर तिनं धरलं, आणि तीही गप्पच राहिली.

खोकला थांबला. प्रमोदिनीबाईंनी श्वास घेतला आणि हळूहळू, एकेक शब्द करत पुन्हा बोलायला सुरुवात केली.

मास्तर दाराआड उभे होते. त्या काय सांगताहेत, याकडे त्यांचं लक्ष लागेना. गल्ली किती वेळ गप्प राहते, तेवढंच ते ऐकत होते.